शेल शिकताना अडते कुठे, आणि बॅश, झेडशेल व फिश यांची तुलना कशी करावी

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत नुकतेच टाइप करू लागलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका निष्कर्षाला येतो: आपला शेलच, म्हणजे टाकलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅमच, चुकीचा निवडला गेला आहे. कोणी त्याला झेडशेल घ्यायला सांगते, कोणी फिश सोपा असल्याचे पटवते, तिसरा बजावतो की बॅशशिवाय काही खरे नाही. मग तो एका संध्याकाळी तिन्ही शेल बसवतो, तिन्हींचे प्रॉम्प्ट (ओळ टाकण्याच्या जागी आधीच दिसणारी खूण) रंगवतो आणि पुन्हा त्याच एररपाशी येऊन थांबतो. मीही या वाटेने गेलो आहे. आज माझे मत असे आहे की यातल्या बहुतेक अडचणी निवडीच्या नसतात. आपण लिहिलेली ओळ कमांडच्या हाती पडण्याआधी शेल ती वाचतो, तोडतो आणि बदलतो, एवढी एक गोष्ट सुरुवातीला कोणी दाखवलेली नसते. शेलांमधले खरे फरकही याच टप्प्यावर आहेत. म्हणून इथे आधी तो बदल प्रत्यक्ष पाहण्याची रीत दिली आहे आणि तुलना त्यानंतर केली आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात कमांडची व फाइलींची इंग्रजी नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच, आणि कमांड लहान अक्षरांत, टाकाव्यात. यालाही एक गमतीचे कारण आहे. इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिला असताना 'एलएस' ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड टाकली, तर पडद्यावर 'ते' हा शब्द उमटतो आणि 'ते' नावाची कमांड सापडत नाही असे शेल गंभीरपणे कळवतो. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाची ही पहिली एरर असते, असे म्हटले तरी चालेल.

सर्वप्रथम टर्मिनल आणि शेल हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत हे लक्षात घ्यावे. खिडकी, अक्षरांचा आकार, रंग, कॉपी-पेस्ट ही टर्मिनलची कामे. ओळ वाचून तिचा अर्थ लावणे आणि कमांड चालवणे हे शेलचे काम. मराठी फाइलनावातील काना-मात्रा विस्कटलेल्या दिसणे किंवा कर्सर अक्षरापासून दोन घरे सरकलेला असणे, हा दोष बहुधा टर्मिनलचा असतो, कारण ते पडदा समान चौकटींत विभागते आणि जोडाक्षराला किती चौकटी लागतील याचा त्याचा अंदाज चुकतो. अशा वेळी शेल बदलून फारसा उपयोग होत नाही. दुसरे टर्मिनल वापरून पाहावे.

आपण सध्या कोणत्या शेलमध्ये आहोत हे पाहण्यासाठी नुसते 'पीएस' टाकावे. त्या खिडकीत चालू असलेल्या प्रोग्रॅमची छोटी यादी येते आणि तिच्यात शेलचे नाव असते. अनेक ठिकाणी यासाठी 'इको $शेल' सुचवलेले असते, मात्र ते व्हेरिएबल (किंमत साठवून ठेवणारे नाव) तुमच्या खात्याला नेमून दिलेला लॉगिन शेल सांगते, या क्षणी चालू असलेला नव्हे. बॅशमधून फिश सुरू करून हे विचारले तरी उत्तर बॅशच येते, आणि नवशिक्याची पुढची अर्धी शोधाशोध चुकीच्या शेलची होते.

एरर कोण बोलत आहे

एररची ओळ आली की शेवटी काय लिहिले आहे यापेक्षा आरंभी कोणाचे नाव आहे ते आधी वाचावे. ओळ 'बॅश:' किंवा 'झेडएसएच:' अशी सुरू होत असेल, तर शेलनेच हात वर केले आहेत आणि कमांडला बहुधा काही कळलेलेही नाही. ओळ 'एलएस:' किंवा 'आरएम:' अशी सुरू होत असेल, तर शेलचे काम पार पडले आहे आणि कमांडला मिळालेला मजकूर तिला पटलेला नाही. ही सवय लागायला दोन दिवस पुरतात, आणि कोणत्याही शेलमध्ये ती कामी येते.

काही अडचणी एररशिवायच येतात. त्यांची उत्तरे एका दमात सांगून टाकतो. प्रॉम्प्ट बदलून नुसते '>' चिन्ह दिसू लागले, तर एखादे अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले आहे. कंट्रोल-सी दाबून ओळ सोडून द्यावी. 'कॅट' टाकल्यावर काहीच घडत नसेल, तर ती कमांड तुमच्याच टाइप करण्याची वाट पाहत आहे, कंट्रोल-डी दाबावे. सगळे गोठल्यासारखे वाटत असेल, तर चुकून कंट्रोल-एस दाबले गेले असण्याची शक्यता आहे, कंट्रोल-क्यू दाबावे. पासवर्ड टाकताना ठिपकेही दिसत नाहीत, आणि ते तसेच अपेक्षित आहे. वेबपानावरून किंवा व्हॉट्सॲपवरून उचललेल्या ओळीत वळणदार अवतरणचिन्हे आणि हायफनच्या जागी लांब रेघ येते, आणि शेल त्यांना साधी अक्षरे समजतो. ती हाताने पुन्हा टाकावीत. ओळीच्या आरंभीचे $ हे चिन्ह लेखकाच्या प्रॉम्प्टचे असते, ते सोबत घेऊ नये.

दोन बिलांचा प्रयोग

आता मुख्य मुद्दा. 'सराव' नावाची नवी रिकामी डिरेक्टरी करावी, तिच्यात जावे आणि बॅशमध्ये पुढील तीन ओळी क्रमाने टाकाव्यात. तिसरी ओळ फाइल कायमची पुसते आणि तिथे कचरापेटी नसते, म्हणून हा प्रयोग रिकाम्या डिरेक्टरीतच करावा.

टच 'वीज बिल' बिल
एफ='वीज बिल'
आरएम $एफ

पहिल्या ओळीने दोन फाइली तयार होतात, एक 'वीज बिल' आणि दुसरी 'बिल'. दुसऱ्या ओळीने 'एफ' या व्हेरिएबलमध्ये पहिल्या फाइलीचे नाव ठेवले जाते. (बॅशमध्ये व्हेरिएबलचे नाव रोमनच लागते, आतली किंमत मात्र खुशाल मराठीत असू द्यावी.) तिसऱ्या ओळीने 'वीज बिल' पुसली जाईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात 'वीज' नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार 'आरएम' करते, आपण ती वाचून चुकचुकतो, आणि नंतर 'एलएस' टाकल्यावर दिसते की 'वीज बिल' जागेवर आहे व 'बिल' गायब आहे. जी फाइल पुसायची नव्हती तीच गेली, आणि तिच्याबद्दल पडद्यावर एक शब्दही उमटला नाही.

घडले असे की बॅशने $एफ च्या जागी 'वीज बिल' हा मजकूर घातला, मग मधल्या स्पेसवर त्याचे दोन तुकडे केले आणि 'आरएम' ला दोन वेगळी नावे दिली. पहिले नाव नव्हते, म्हणून तक्रार झाली. दुसरे होते, म्हणून काम झाले. 'आरएम' चा यात काहीही दोष नाही, कारण मूळ ओळ तिने पाहिलेलीच नाही. हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर 'बिल' पुन्हा तयार करावे, 'सेट हायफन एक्स' टाकावे आणि 'एलएस $एफ' चालवावे. प्रत्येक कमांडच्या आधी + चिन्हाने सुरू होणारी एक ओळ दिसू लागते, आणि त्या ओळीत शेलने बदल केल्यानंतरचे रूप असते. नंतर तीच कमांड $एफ भोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालून चालवावी. आता नाव एकसंध राहिलेले दिसेल. 'सेट अधिक एक्स', म्हणजे हायफनच्या जागी अधिकचे चिन्ह, टाकले की ते दाखवणे थांबते. मला शेल शिकवणारा सर्वांत चांगला शिक्षक कोण, तर ही एक कमांड, पुस्तके त्यानंतर.

हाच प्रयोग झेडशेलमध्ये केला, तर योग्य फाइल पुसली जाते, कारण झेडशेल व्हेरिएबलच्या किमतीचे स्पेसवर आपोआप तुकडे करत नाही. फिशही करत नाही. तिथे दुसरी ओळ मात्र वेगळी लिहावी लागते, 'सेट एफ' आणि पुढे अवतरणांत नाव. डॅश हा लहानसा शेल बॅशसारखाच वागतो. शेलची तुलना करायची तर ती अशी करावी: एकच ओळ, चार शेल, आणि कमांडच्या हाती शेवटी काय पडले याची नोंद. प्रॉम्प्टचे रंग नंतर पाहता येतात.

तुकडे पाडण्याची ही रीत कळली की इतर हट्टही समजू लागतात. 'नाव = गणेश' असे शाळेतल्या गणिताप्रमाणे मोकळ्या हाताने लिहिले की बॅश पहिला तुकडा ही कमांड मानतो आणि ती सापडत नाही म्हणतो; म्हणून बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस सोडायची नाही. नेमके उलटे, 'इफ' नंतरच्या चौकटी कंसाच्या आत दोन्ही बाजूंना स्पेस सोडायचीच, कारण उघडणारा कंस ही स्वतःच एक कमांड आहे आणि कमांडच्या नावाला पुढचा शब्द चिकटवून चालत नाही. एकदा स्पेस नको आणि एकदा हवीच, ही विसंगती वाटते, पण दोन्हींमागे नियम एकच आहे.

तारांकनाचेही (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल' अशी खूण) तसेच आहे. डिरेक्टरीत टीएक्सटी प्रकारची एकही फाइल नसताना 'एलएस *.टीएक्सटी' टाकून पाहावे. बॅश जुळणारे नाव न सापडल्याने तारांकन जसेच्या तसे पुढे पाठवतो आणि तक्रार 'एलएस' करते. झेडशेल आणि फिश स्वतःच थांबतात, 'एलएस' चालतही नाही. मला झेडशेलचा हा कडकपणा पटतो, तरी त्याचा एक त्रास सांगितला पाहिजे. प्रश्नचिन्ह असलेला वेबपत्ता 'कर्ल' ला (पत्त्यावरचा मजकूर उतरवणाऱ्या कमांडला) अवतरणांशिवाय दिला, की झेडशेल त्या प्रश्नचिन्हाला एका अक्षराची खूण समजून जुळणारी फाइल शोधतो आणि ती नाही म्हणून अडून बसतो. बॅशमध्ये तोच पत्ता बहुधा चालून जातो, परंतु पत्त्यात पुढे & असेल, तर तिथे कमांड संपली असे समजून बॅश तेवढा भाग पार्श्वभूमीत पाठवतो आणि उरलेला स्वतंत्रपणे चालवतो. अर्धाच पत्ता उतरवला गेला हे बराच वेळ लक्षात येत नाही. वेबपत्ता नेहमी एकेरी अवतरणांत द्यावा. मग शेल कोणताही असो.

फरक आले कुठून

शेलांच्या वागणुकीतला फरक लहर म्हणून आलेला नाही. बेल लॅब्जमधील स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला आणि आजच्या स्क्रिप्टची (फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांडांची) भाषा मुख्यतः त्याची आहे. त्यांना अल्गोल ६८ या भाषेचा लळा होता, म्हणून 'इफ' चा शेवट 'इफ' उलटे लिहून होतो आणि 'केस' चा शेवट 'केस' उलटे लिहून. 'डू' चे मात्र तसे करता आले नाही, कारण 'ओडी' नावाची कमांड आधीपासून होती. म्हणून तिथे 'डन' आले. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल केला, ज्यात टाइप करण्याच्या सोयी चांगल्या होत्या पण स्क्रिप्टची भाषा निराळी होती. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये दोन्हींचे गुण एकत्र आणले. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ चा, पॉल फाल्स्टॅड यांचा झेडशेल १९९० चा. हे दोन्ही बॉर्नच्याच घराण्यातले; फक्त बॅशने जुन्या स्क्रिप्ट न मोडण्याची काळजी अधिक घेतली, आणि झेडशेलने तुकडे पाडण्यासारख्या काही सवयी सोडल्या. ॲक्सेल लिलियेनक्रांत्स यांच्या २००५ मधील फिशने घराणेच बदलले: सगळ्या रचना 'एंड' या एकाच शब्दाने संपतात आणि व्हेरिएबल 'सेट' ने ठेवले जाते.

म्हणून पुस्तकातली ओळ दुसऱ्या शेलमध्ये टाकताना सावध असावे. यादीतला पहिला घटक बॅशमध्ये शून्य क्रमांकाचा असतो, झेडशेलमध्ये आणि फिशमध्ये एक क्रमांकाचा. मागची कमांड यशस्वी झाली का हे बॅशमध्ये $? सांगते, फिशमध्ये $स्टेटस. झेडशेलमध्ये प्रॉम्प्टवर # ने सुरू होणारी टिप्पणीची ओळ चिकटवली, तर मूळ मांडणीत तो # लाच कमांड समजतो. आणि ज्या 'सेट हायफन एक्स' ची मी वर इतकी स्तुती केली, त्याचा फिशमधील अर्थ व्हेरिएबल इतर प्रोग्रॅमना उपलब्ध करून देणे असा आहे. माग काढण्याशी त्याचा काही संबंध नाही.

स्क्रिप्ट आणि आरंभीच्या फाइली

प्रॉम्प्टवर चाललेली ओळ स्क्रिप्टमध्ये चालत नाही, ही तक्रार उबुंटूवर फार ऐकू येते. २००६ च्या ६.१० या आवृत्तीपासून उबुंटूत 'एसएच' या नावामागे बॅश नसून डॅश आहे, कारण तो लवकर सुरू होतो. स्क्रिप्ट बॅशसाठी लिहून ती 'एसएच' शब्दाने चालवली, तर दुहेरी चौकटी कंस म्हणजे काय हे डॅशला कळत नाही आणि तो तशी कमांड नसल्याचे सांगतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! नंतर ज्या शेलसाठी ती लिहिली त्याचा मार्ग द्यावा, फाइलीला 'सीएचमॉड अधिक एक्स' ने चालवण्याची परवानगी द्यावी आणि ती ./ लावून नावाने चालवावी. शेलचे नाव आधी लिहिले, तर पहिल्या ओळीकडे कोणी पाहत नाही. स्क्रिप्ट विंडोजमधील नोटपॅडमध्ये लिहिली असेल आणि योग्य मार्ग देऊनही शेल सापडत नसेल, तर ओळींच्या शेवटी आलेले विंडोजचे अदृश्य चिन्ह काढून टाकावे. स्क्रिप्टमध्ये 'सीडी' लिहूनही ती संपल्यावर आपण जागेवरच राहतो, कारण स्क्रिप्ट वेगळ्या प्रक्रियेत चालते आणि मूळ प्रक्रियेची डिरेक्टरी तिला बदलता येत नाही. तसे हवेच असेल, तर फाइल 'सोर्स' ने वाचवावी. बॅश व डॅशसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट 'शेलचेक' कडून तपासून घ्याव्यात. अवतरणे कुठे राहिली हे तो ओळ दाखवून सांगतो. झेडशेल व फिश मात्र त्याच्या कक्षेत नाहीत.

आरंभीच्या फाइलींनी (शेल सुरू होताना वाचतो त्या) माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली आहे. कमांडचा मार्ग एका फाइलीत दुरुस्त करत होतो, नवी खिडकी उघडत होतो आणि काहीच बदलत नव्हते. शेवटी कळले की मी लिहीत होतो ती फाइल त्या खिडकीत वाचलीच जात नव्हती. बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू झाला, तर घरच्या डिरेक्टरीतील 'डॉट बॅश_प्रोफाइल' शोधतो आणि ती नसेल तर 'डॉट प्रोफाइल' पर्यंत जातो. साध्या खिडकीत सुरू झाला, तर 'डॉट बॅशआरसी' वाचतो. लिनक्सवरील टर्मिनल सहसा साधी खिडकी उघडतात, मॅकचे टर्मिनल दर वेळी लॉगिन शेल उघडते. म्हणून एकाला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याला पडत नाही. झेडशेलमध्ये रोजच्या खिडक्यांसाठी 'डॉट झेडएसएचआरसी' पुरते, फिशमध्ये 'कॉन्फिग डॉट फिश' ही एकच फाइल सहसा पुरते. या बाबतीत फिशने खरोखरच डोकेदुखी वाचवली आहे. कोणती फाइल वाचली जाते याची शंका असेल, तर प्रत्येकीत 'इको' ने तिचेच नाव छापणारी ओळ घालावी, नवी खिडकी उघडून पाहावे आणि ती ओळ लगेच काढावी, कारण तिथे राहिलेला मजकूर पुढे 'एससीपी' सारख्या, दोन संगणकांदरम्यान फाइली नेणाऱ्या कमांडच्या कामात लुडबुड करतो. पाथमध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींच्या यादीत) भर घालताना जुना $पाथ सोबत लिहायला विसरू नये. विसरल्यास 'एलएस' सुद्धा सापडेनासे होते. तेव्हा घाबरून न जाता पूर्ण मार्ग देऊन संपादक उघडावा आणि ओळ दुरुस्त करावी.

मॅकवाल्यांसाठी एक जादा सूचना. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवरचा ठरलेला शेल झेडशेल आहे. तिथे सोबत मिळणारा बॅश मात्र ३.२ या जुन्या आवृत्तीचा आहे, कारण त्यापुढच्या बॅशचा परवाना ॲपलने स्वीकारला नाही. नावांनी घटक ओळखणाऱ्या याद्या बॅशच्या चौथ्या आवृत्तीत आल्या. त्या वापरणारी स्क्रिप्ट मॅकवरील मूळ बॅशमध्ये चालत नाही, आणि तो स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा दोष नसतो.

राहिला निवडीचा प्रश्न. स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहायला शिकावे, कारण सर्व्हरवर तो बहुधा असतो आणि मिळणारी बहुतेक उदाहरणे त्याच्यासाठी असतात. रोजच्या टाइप करण्यासाठी फिश किंवा झेडशेल यांपैकी काहीही चालेल. मराठी फाइलनावे असलेल्यांना यांचा विशेष फायदा होतो, कारण टॅब कळ दाबल्यावर नावांची यादी येते आणि कळफलक न बदलता तिच्यातून नाव निवडता येते. त्यासाठी झेडशेलमध्ये 'कॉम्पइनिट' ही सोय 'डॉट झेडएसएचआरसी' मधून चालू करून ठेवावी, फिशमध्ये काहीच करावे लागत नाही. मात्र लॉगिन शेल लगेच 'सीएचएसएच' ने बदलू नये. आहे त्या खिडकीत 'फिश' किंवा 'झेडएसएच' टाकावे, दोन बिलांचा प्रयोग तिथे पुन्हा करावा, दोन-चार आठवडे काम करावे आणि कंटाळा आला की 'एक्झिट' टाकून परतावे.